शब्द नाहीत, गायक नाहीत, तरीही प्रार्थना : लिस्टचं चर्चसंगीत पियानोवर कसं वाजवतात?

एप्रिल 1770. पवित्र आठवडा सुरू आहे. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये एकेक मेणबत्ती विझवली जाते आणि अंधारात पोपच्या गायकवृंदाचे आवाज उठतात. श्रोत्यांमध्ये वडिलांसोबत आलेला 14 वर्षांचा एक मुलगा आहे. तो ऐकतो, मुक्कामी परततो आणि ऐकलेली रचना आठवणीतून कागदावर उतरवतो. मुलाचं नाव वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट आणि रचना ग्रेगोरिओ आल्लेग्रीची ‘मिझेरेरे’.

ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. 92 वर्षांनी, 1862 मध्ये, रोममध्येच राहणाऱ्या फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराने एक पियानोरचना लिहिली. तिच्यात त्याने आल्लेग्रीची ‘मिझेरेरे’ घेतली आणि तिच्याशेजारी मोझार्टचीच एक छोटी प्रार्थना, ‘आवे वेरुम कॉर्पुस’, आणून बसवली. रचनेचं नाव ‘आ ला शापेल सिक्स्तीन’, म्हणजे ‘सिस्टीन चॅपेलमध्ये’.

दोन्ही मूळ रचना गाण्यासाठी आहेत. त्यांना लॅटिन शब्द आहेत, उपासनेतलं ठरलेलं स्थान आहे. पियानोवर यातलं काहीच उरत नाही. उरतात त्या 88 पट्ट्या, तीही एका माणसाच्या हाताखाली, बहुतेक वेळा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर. मग ही प्रार्थना राहते की कार्यक्रमातला एक आयटम होते? हा प्रश्न लिस्टच्या अशा प्रत्येक रूपांतरापुढे उभा राहतो आणि वाजवणाऱ्याला त्याचं उत्तर बोटांनीच द्यावं लागतं.

लिस्ट रोममध्ये काय करत होता?

1811 मध्ये जन्मलेला लिस्ट हा त्याच्या काळातला सर्वात गाजलेला पियानोवादक. त्याच्या कार्यक्रमांत लोक इतके बेभान व्हायचे की कवी हाइनरिश हाइनेने 1844 मध्ये त्या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ असं नावच देऊन टाकलं. त्यामुळे लिस्ट म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतात ते विजेच्या वेगाने पळणारे हात.

पण 1847 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याने पैसे घेऊन कार्यक्रम करणं थांबवलं. पुढची बरीच वर्षं जर्मनीतल्या वायमारमध्ये काढून 1861 मध्ये तो रोमला आला. त्या वर्षी 22 ऑक्टोबरला, आपल्या 50व्या वाढदिवशी, राजकन्या कॅरोलीन झू सायन-विट्गेनस्टाईन हिच्याशी लग्न करायचं ठरलं होतं. तिच्या पहिल्या लग्नाचा गुंता ऐनवेळी आडवा आला आणि लग्न झालंच नाही. त्याआधी, डिसेंबर 1859 मध्ये, मुलगा डॅनियल 20व्या वर्षी वारला होता. सप्टेंबर 1862 मध्ये मुलगी ब्लांदीनही गेली. 1863 मध्ये लिस्ट रोमजवळच्या मॉन्ते मारिओ टेकडीवरच्या एका मठात राहायला गेला. तिथे पोप पायस नववे त्याला भेटायला आले होते. 1865 मध्ये त्याने चर्चची प्राथमिक दीक्षा घेतली आणि पुढे जग त्याला ‘आबे लिस्ट’ म्हणू लागलं.

‘थकलेला कलावंत देवाकडे वळला’ असं यावरून म्हणण्याचा मोह होतो. ते अर्धंच खरं आहे. चर्चसंगीताचं भवितव्य काय असावं यावर लिस्टने 1834 मध्येच, म्हणजे ऐन विशीत, लेख लिहिला होता. 1839 मध्ये तो रोममध्ये राहिला आणि सिस्टीन चॅपेलने भारावून गेला. ‘आर्मोनी पोएतीक ए रेलिज्यूझ’ हा धार्मिक पियानोरचनांचा संग्रह त्याने 1853 मध्ये, म्हणजे रोमला येण्याच्या आठ वर्षं आधी, प्रसिद्ध केला. दुःखाने त्याचा सूर गडद केला असेल, पण ओढ जुनी होती.

दुसऱ्याचं गाणं पियानोसाठी लिहिण्याची गरज काय?

ग्रामोफोन येण्याआधी एखादी सिम्फनी किंवा ऑपेरा पुन्हा ऐकायचा तर घरातला पियानो हाच मार्ग होता. म्हणून मोठ्या रचनांची पियानो-रूपांतरं करण्याचा तेव्हा मोठा व्यवसायच होता. लिस्टने शेकडो केली. बीथोव्हेनच्या नऊही सिम्फनी त्याने पियानोवर आणल्या.

त्याच्या रूपांतरांचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत. मोझार्टच्या ‘रेक्विएम’मधले दोन भाग त्याने जवळपास जसेच्या तसे उतरवले. आर्काडेल्टच्या ‘आवे मारिया’त मूळ चालीभोवती घंटानादासारखी हलकी झुलती साथ घातली. ‘सिस्टीन चॅपेल’मध्ये दोन परक्या रचना घेऊन त्यांतून तिसरीच गोष्ट रचली. तिघांनाही ‘ट्रान्सक्रिप्शन’ म्हटलं जातं, पण तिन्ही एकाच पद्धतीने वाजवता येत नाहीत.

खरी अडचण : एक स्वरसमूह, अनेक शब्द

आल्लेग्रीची ‘मिझेरेरे’ हे बायबलमधलं 51वं स्तोत्र आहे. पाप केलेला माणूस देवापुढे दयेची याचना करतो, असा त्याचा आशय. दोन गायकवृंद, एक पाच आवाजांचा आणि एक चार आवाजांचा, आलटून पालटून ओळी गातात, मध्ये साधं एकसुरी पठण येतं आणि शेवटी सगळे नऊ आवाज एकत्र होतात. रचना कागदावर आश्चर्य वाटावं इतकी सोपी दिसते. बऱ्याच ठिकाणी सगळे आवाज एकाच स्वरसमूहावर, म्हणजे कॉर्डवर, थांबून राहतात आणि त्यावर अख्खी ओळ म्हणतात. आरतीनंतर सगळ्यांनी मिळून मंत्रपुष्पांजली म्हणताना आवाज मोजक्या सुरांत फिरतो आणि शब्द पुढे सरकत राहतात, साधारण तसं.

गायकांना यात अडचण नसते. सूर तोच असला तरी प्रत्येक अक्षर वेगळं असतं. कुठे व्यंजनाचा आघात येतो, कुठे स्वर लांबतो, कुठे श्वास घेतला जातो. भाषा त्या स्थिर सुराला जिवंत ठेवते. तीच ओळ पियानोवर आणली की हाती राहते एकच कॉर्ड, सात-आठ वेळा वाजवलेली. प्रत्येक वेळी ती सारखीच वाजली तर दार ठोठावल्यासारखी ऐकू येते.

म्हणूनच या रचना शिकताना पहिलं काम बोटांचं नसतं. आधी लॅटिन ओळ मोठ्याने वाचायची, मग म्हणायची, मग वाजवायची. कोणत्या अक्षरावर जोर आहे आणि कोणतं अक्षर हलकं सुटतं, हे जिभेला कळलं की मनगटाला कळायला लागतं. लिस्टनेच याची खूण ठेवलेली आहे. ‘आर्मोनी’ संग्रहातल्या ‘पालेस्त्रिनावरून मिझेरेरे’ या रचनेत त्याने स्तोत्राचे लॅटिन शब्द पियानोच्या सुरांवर छापून दिले. ते कोणी गाणार नाही, श्रोत्यांना दिसणारही नाहीत. ते फक्त वाजवणाऱ्यासाठी आहेत.

मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सतारीवर किंवा व्हायोलिनवर ‘गायकी अंगाने’ वाजवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. हार्मोनियमवर अभंगाची चाल वाजते तेव्हा मनातल्या मनात शब्द आपसूक जुळतात. लिस्टच्या काळातल्या कॅथलिक श्रोत्याचं या लॅटिन प्रार्थनांशी असंच नातं होतं. आजच्या बहुतेक श्रोत्यांचं ते नाही. त्यामुळे शब्दांचा सगळा भार आता वादकावर येतो.

पियानोचा सूर विझतो, त्याचं काय करायचं?

गायकवृंद एखादा सूर धरून तो हळूहळू वाढवू शकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून सूर कमी कमीच होत जातो. ऑर्गनसारखा तो धरून ठेवता येत नाही, व्हायोलिनसारखा फुलवता येत नाही, मींड तर शक्यच नाही.

लिस्टने यावर जे उपाय केले, तेच अनेकदा त्याच्यावर आरोप म्हणून उलटले. ट्रेमोलो, म्हणजे दोन सुरांमध्ये भरभर थरथर, पसरत जाणारे आर्पेजिओ, तेच सूर पुन्हा पुन्हा छेडणं. नुसत्या कानाला हे ‘शो-ऑफ’ वाटू शकतं. पण ‘पालेस्त्रिनावरून मिझेरेरे’मध्ये हे सगळं येतं ते साधी, शब्दांसकट छापलेली प्रार्थना होऊन गेल्यानंतर. पहिल्यांदा ती उघडी ऐकू येते. पुढे तीच चाल ट्रेमोलोच्या कंपात आणि मग आर्पेजिओच्या लाटांमध्ये येते. चाल बदलत नाही, तिच्याभोवतीची हवा बदलते. तेव्हा ट्रेमोलो ढगांच्या गडगडाटासारखा वाजवणारा वादक चूक करतो. तो दूरवर चाललेल्या समूहगानाची घुमी गुणगुण असावा आणि त्यातून प्रार्थनेची ओळ स्पष्ट वर यावी. हे अवघड आहे, कारण कमी काम असलेला सूर ठळक आणि जास्त काम करणारी बोटं दबकी, असा उलटा हिशेब हाताला शिकवावा लागतो.

पेडलचंही तसंच आहे. सिस्टीन चॅपेल सुमारे 41 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. अशा दगडी, उंच जागेत सूर संपला तरी काही काळ रेंगाळतो. पियानोवर ही घुमणारी जागा पेडलने निर्माण करावी लागते. मात्र पेडल दाबून ठेवला की देऊळ उभं राहत नाही, चिखल होतो. सुरांची गुंफण सारखी बदलत असताना पेडल अर्धवट उचलत राहणं, खालचा सूर टिकवून वरचे स्वच्छ करणं, हे कानाने ठरवायचं काम आहे आणि प्रत्येक सभागृहात, प्रत्येक पियानोवर ते नव्याने ठरवावं लागतं.

आणि गती. धार्मिक म्हणजे संथ, ही समजूत इथे सर्वाधिक नुकसान करते. फार हळू वाजवलं की एक सूर विझून जातो आणि मगच दुसरा येतो, ओळ तुटते. गायकाला एका श्वासात जेवढं म्हणता येईल तेवढं पियानोवरही एका दमात ऐकू यायला हवं. गाऊन पाहिलं की योग्य गती बहुतेक वेळा सापडते.

‘सिस्टीन चॅपेल’मध्ये नेमकं काय घडतं?

रचना जी मायनरमध्ये, पियानोच्या अगदी खालच्या भागात, दबक्या आवाजात सुरू होते. आल्लेग्रीची सुरुवात ओळखू येते, पण चॅपेलमधल्या उजळ आवाजांऐवजी ती तळघरातून आल्यासारखी वाटते. मग लिस्ट त्याच ओळीवर थर चढवत जातो. खालची चाल फिरून फिरून येते, वरचं अधिकाधिक अस्वस्थ होतं आणि बघता बघता वादळ उभं राहतं. हा भाग तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. लिस्टोमेनियाचा जुना लिस्ट इथे ओळखू येतो.

वादळ ओसरतं आणि बी मेजरमध्ये मोझार्टची ‘आवे वेरुम’ येते. बदल धक्का बसावा इतका साधा आहे.

त्या साधेपणामागेही एक हकिगत आहे. मोझार्टने ‘आवे वेरुम’ जून 1791 मध्ये बाडेन इथल्या गायकवृंदाचा प्रमुख आंटोन श्टोल या मित्रासाठी लिहिली. सगळी मिळून 46 मापांची. आवाज कसा असावा याबद्दल त्याने फक्त सुरुवातीला एक सूचना लिहिली, ‘सोत्तो व्होचे’, दबक्या आवाजात. पुढे काही नाही. सहा महिन्यांनी तो वारला. लिस्टने या प्रार्थनेला जवळजवळ हात लावलेला नाही, फक्त तिची पट्टी बदलली आणि पियानोला शोभेल असा पेहराव दिला.

त्यानंतर ‘मिझेरेरे’ची अस्वस्थता पुन्हा डोकं वर काढते आणि ‘आवे वेरुम’ पुन्हा उत्तर देते. या जोडीमागचा विचार लिस्टने एका पत्रात स्पष्ट केला होता. ‘मिझेरेरे’त माणसाची असहायता आणि यातना आहेत आणि ‘आवे वेरुम’मध्ये देवाची असीम करुणा त्याला उत्तर देते, असा त्याचा आशय.

इथे वादकाची खरी परीक्षा होते. वादळाचा भाग कौशल्य दाखवण्यासाठी वाजवला तर पुढची प्रार्थना म्हणजे टाळ्यांनंतरची विश्रांती ठरते. आणि ‘धार्मिक रचना आहे’ म्हणून वादळ सौम्य केलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, तरीही घात होतो, कारण मग करुणेला उत्तर द्यायला काही उरतच नाही. दोन चुकांपैकी दुसरी आज जास्त ऐकू येते. लिस्टवर दिखाऊपणाचा शिक्का इतका जुना आहे की गंभीर वादक त्याची लाज वाटल्यासारखे वाजवतात. पण त्या कोलाहलाशिवाय ‘मिझेरेरे’ ही याचना राहत नाही. दया मागणारा माणूस नेहमी हळू आवाजातच मागतो असं कुठे आहे?

‘आवे वेरुम’चा सापळा नेमका उलटा. ती इतकी सुंदर आहे की वादकाला काहीतरी करावंसं वाटतं. इथे थोडं थांबू, तिथे थोडं फुलवू. मोझार्टच्या त्या एकुलत्या सूचनेची आठवण ठेवून चारही आवाज समतोल, प्रत्येक ओळीला एक श्वास, एवढं केलं तरी पुरतं. फक्त वरचीच चाल ठळक करण्याची सवय मात्र सोडावी लागते. मधले आवाज गेले की गायकवृंद जातो आणि उरतं ते एकट्याचं गाणं.

मूळ रचना तरी किती मूळ?

लिस्ट ज्यांना ‘जुन्या गुरूंचं संगीत’ समजत होता त्यातलं बरंचसं तसं नव्हतं. ‘पालेस्त्रिनावरून मिझेरेरे’ची चाल पालेस्त्रिनाच्या ज्ञात रचनांत सापडत नाही. लिस्टने रोममध्ये काहीतरी ऐकलं आणि त्याला पालेस्त्रिनाचं नाव चिकटलं, हीच शक्यता जास्त. आर्काडेल्टच्या ‘आवे मारिया’ची कथा त्याहून गंमतशीर आहे. जाक आर्काडेल्ट हा 16व्या शतकातला संगीतकार. पण त्याने अशी ‘आवे मारिया’ लिहिलीच नव्हती. पिएर-लुई डीच नावाच्या फ्रेंच संगीतकाराने 1840च्या दशकात आर्काडेल्टचं तीन आवाजांचं एक फ्रेंच प्रेमगीत घेतलं, त्यावर प्रार्थनेचे शब्द बसवले आणि ती जुनी प्रार्थना म्हणून पसरली. 1862 मध्ये लिस्टने पियानोवर आणली ती हीच.

आल्लेग्रीच्या ‘मिझेरेरे’लाही दंतकथांचं कवच आहे. ती नकलून घेणाऱ्याला बहिष्कृत केलं जाई, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात मोझार्टला शिक्षा तर झाली नाहीच, उलट त्याच वर्षी पोप क्लेमेंट चौदावे यांनी त्याला ‘गोल्डन स्पर’ हा सन्मान दिला. 1771 मध्ये इंग्रज अभ्यासक चार्ल्स बर्नी याने ती छापूनही टाकली. आज यूट्यूबवर अंगावर काटा आणणारा जो अतिउंच सूर ऐकू येतो, तो असलेलं लोकप्रिय रूप तर लिस्टच्या रचनेनंतर, 19व्या शतकाच्या अखेरीस, ‘ग्रोव्ह’ या संगीतकोशातल्या नोंदीतून झालेल्या सरमिसळीतून घडलं. त्यामुळे लिस्ट ऐकताना तो सूर शोधत बसण्यात अर्थ नाही.

याचा वादनाशी संबंध आहे. काही वादक या रचना ‘16व्या-17व्या शतकासारख्या’, कोरड्या आणि अलिप्त वाजवू पाहतात. ते चुकीच्या शतकाची तयारी करून बसलेले असतात. लिस्टच्या कानात होता तो 19व्या शतकातला रोमचा आवाज : मेणबत्त्या, अंधार, घुमणारे स्वर आणि त्याभोवतीची रोमँटिक काळाची भारलेली श्रद्धा.

ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी?

लेस्ली हॉवर्ड या पियानोवादकाने हायपेरियन कंपनीसाठी लिस्टचं जवळपास सगळं पियानोसंगीत ध्वनिमुद्रित केलं आहे. 99 सीडींचा तो पसारा आहे आणि इथे उल्लेख झालेल्या रचना त्यात मिळतात. ‘आर्मोनी’ संग्रहासाठी स्टीव्हन ऑस्बर्नचं ध्वनिमुद्रण चांगलं आहे.

त्याआधी मूळ गायन ऐकावं. ‘आवे वेरुम’ तीन-चार मिनिटांची आहे. ती दोनदा ऐकून मग लिस्ट लावला की तो कुठे थांबला आणि कुठे पुढे गेला ते लगेच कळतं. व्हेर्दीच्या ‘रेक्विएम’मधला ‘आग्नुस देई’ हाही चांगला नमुना. मुळात तो दोन गायिका साथीशिवाय, एका सप्तकाच्या अंतराने सुरू करतात. लिस्टने 1877 मध्ये तो पियानोवर आणला. चार आवाज नाहीत, ट्रेमोलो नाही, नुसती उघडी ओळ. ती पियानोवर ‘गाताना’ ऐकू आली तर वादक कोणत्या प्रतीचा आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात समजतं.

त्चायकोव्हस्कीचं ‘मोझार्टियाना’ही यादीत ठेवावं. 1887 मध्ये त्याने मोझार्टच्या रचनांवर ऑर्केस्ट्रासाठी ही मालिका केली आणि तिच्यातल्या ‘प्रार्थना’ या भागासाठी मोझार्टची मूळ ‘आवे वेरुम’ न घेता लिस्टचं पियानोवरचं रूप घेतलं. गायकवृंदाकडून पियानोकडे गेलेली प्रार्थना तिथे व्हायोलिनांच्या हाती येते.

आणि शेवटी लिस्टने याच ‘सिस्टीन चॅपेल’चं ऑर्गनसाठी केलेलं रूप. पियानोरचना ऐकून झाल्यावर ते लगेच लावावं. ऑर्गनवर ‘आवे वेरुम’चे सूर हवे तितके लांबतात, गायकवृंदाची भरदार घुमी आपोआप मिळते. पियानोवर तोच सूर वाजल्या क्षणापासून उतरणीला लागलेला असतो आणि पुढचा सूर त्याला नेमका कुठे गाठतो, याकडे कान आपोआप लागतो.